गंगापूर भरले म्हणून येवल्याची विहीर भरत नाही: दुष्काळ ओळखताना या चुका टाळा

ऑगस्टमध्ये नाशिकच्या गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होतो, रामकुंडावर गोदावरीच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागते, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि यंदा पाऊस चांगला झाला असे सगळेच बोलू लागतात. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्व भागात मका माना टाकून उभा असू शकतो. इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घाट ओलांडून पूर्वेकडे यावे तसा तो ओसरत जातो आणि या पट्ट्याला 500-600 मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. दोन्हींची सरासरी काढली की येणारा आकडा ना इगतपुरीचा असतो, ना येवल्याचा.

म्हणून जिल्ह्याची टक्केवारी बाजूला ठेवा आणि आपल्या महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या आपल्या गावांच्या गटाचा, आकडा काढा. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात नाशिकचे मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारला मंडळांच्या पातळीवर उतरावे लागले आणि आणखी 1021 मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. एकाच तालुक्यात एक मंडळ हिरवे आणि शेजारचे करपलेले, हे आपल्याकडे नेहमीचेच आहे.

बेरीज पाहिली, खंड पाहिला नाही

महिन्याचा पाऊस सरासरीइतका झाला, तरी तो दोन रात्रींत पडून पुढचे तीन आठवडे कोरडे गेले असतील तर पीक हातचे जाते. हवामान खाते 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानते. वहीत पावसाच्या आकड्याशेजारी असे दिवस किती आणि सलग कोरडे दिवस किती, हेही लिहा. दुष्काळाच्या सरकारी निकषांत अशा खंडाला, म्हणजे सलग कोरड्या दिवसांना, स्थान आहे. पावसाची तूट किंवा खंड हा पहिला टप्पा. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा आणि पाणीसाठे पाहतात. शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष शिवारात पाहणी होते. पाहणीचे पथक येईल तेव्हा हाताशी तारीखवार नोंद असली, तर बोलणे मुद्द्याचे होते.

गावातल्या पर्जन्यमापकाचा आकडा पटत नसेल तर आधी त्याची जागा पाहा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो हवा. गच्चीच्या कठड्याला टेकवलेला मापक वाऱ्यामुळे कमी पाऊस दाखवतो. वाचन रोज सकाळी साडेआठलाच घ्या.

विहिरीचे पाणी मोटार चालू असताना मोजले

ही चूक सर्रास होते. उपसा चालू असताना किंवा नुकताच थांबल्यावर दिसणारी पातळी विहिरीची खरी पातळी नसते. पहाटे, रात्रभर मोटार बंद राहिल्यानंतर, कठड्यावरच्या एकाच ठरलेल्या खुणेपासून टेप सोडा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुलना करता येईल.

यातला ऑक्टोबर सगळ्यात मोलाचा. परतीचा पाऊस सरलेला असतो आणि वर्षाची कमाई विहिरीत उभी असते. उन्हाळ कांद्याचे रोप टाकण्याची वेळही हीच. एकरभर कांद्याला हंगामात साधारण 500 मिलिमीटर पाणी धरले तर 20 लाख लिटर होतात. विहिरीत तेवढे आहे का, पाझर किती टिकतो, हे रोप टाकण्याआधी पाहिले तर पाच एकरांऐवजी दोन एकर करण्याचा निर्णय वेळेवर घेता येतो. मार्चमध्ये पात वाळताना पाहून नवा बोअर घेणे हा त्याहून कितीतरी महाग मार्ग आहे, आणि आपल्या काळ्या खडकात खोल गेले म्हणजे पाणी लागेलच असे नाही. इथले बहुतेक पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असते.

बोअरचे पाणी शेततळ्यात

पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी शेततळे उत्तम. पण विहीर-बोअर उपसून ते भरले की जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण उन्हात पसरतो. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर पाणी उडाले, तर सुमारे 7200 लिटर रोज हवेत जातात. शेजाऱ्याच्या विहिरीलाही त्याची झळ बसते. द्राक्षबागायतदारांची अडचण मला कळते, बाग एक हंगाम सोडून देता येत नाही. तरीही भरायचेच असेल तर पाटाच्या आवर्तनातून किंवा ओढ्याच्या पुरातून भरा.

नाला खडकापर्यंत खोदला

पोकलेन आणून नाला खोल केला की पहिल्या पावसात डोळे निवतात. मात्र मुरमाचा पाणी धरणारा थर कापला गेला, तर आजूबाजूच्या विहिरींतले पाणीच नाल्यात उतरते आणि वाहून जाते. काम माथ्यावरून सुरू करून पायथ्याकडे आणा: आधी डोंगरउतारावर समतल चर (एकाच उंचीवर उताराला आडवे खोदलेले चर), मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नाला.

उतार मोकळा सोडला तर माती जाते, मुरूम उघडा पडतो. वाळवंटीकरण म्हटले की राजस्थानची वाळू डोळ्यांसमोर येते, पण संयुक्त राष्ट्रांच्या 1994 च्या कराराप्रमाणे कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशातली जमीन हवामानाने आणि माणसाच्या वापराने निकस होणे, म्हणजेच वाळवंटीकरण. देशाची सुमारे 30 टक्के जमीन अशी निकस झाल्याचे इस्रोच्या नकाशांत दिसते. पहिल्या मोठ्या पावसानंतर आपल्या ओढ्याचे पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. तळाशी किती गाळ बसतो ते दरवर्षी त्याच ओढ्यावर, त्याच जागी पाहा आणि वहीत लिहा.