रोजच्या सेडानला कॉइलओव्हर बसवताय? या चुका टाळा

कॉइलओव्हर म्हणजे गाडीची उंची बदलता येणारा शॉक आणि स्प्रिंगचा संच. तो निवडताना बहुतेकांची नजर दोन गोष्टींवर असते: गाडी किती खाली बसेल आणि किती क्लिकची (शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबच्या टप्प्यांची) ॲडजस्टमेंट आहे. रोज वापरायच्या, मागे माणसं आणि डिकीत सामान घेऊन जाणाऱ्या सेडानसाठी या दोन्ही गोष्टी नंतरच्या. आधी बघायचं ते हे, की गाडी उभी असताना शॉकला दबायला किती जागा उरते आणि चाक खड्ड्यात उतरताना शॉकला लांबायला किती जागा मिळते. महागडं किट घेऊनही गाडी आदळते, अशी तक्रार तपासायला घेतली की गोष्ट बहुतेक वेळा इथेच येऊन थांबते.

गाडी इतकी खाली घेणं की शॉकला जागाच उरत नाही

एक ढोबळ हिशोब बघा. पुढच्या एका चाकावर, स्प्रिंगच्या वरचं वजन ३५० किलो. स्प्रिंग ५ किलो/मिमीची. प्रीलोड न देता, म्हणजे बसवताना आधीच न दाबता बसवली, तर गाडीच्या नुसत्या वजनानेच ती साधारण ७० मिमी दबते. शॉकची एकूण चाल १३० मिमी धरली तर दबायला उरले ६० मिमी. त्यातली ३० मिमी जागा बंप स्टॉपची, म्हणजे शॉक पूर्ण दबताना आदळू नये म्हणून दांड्यावर असलेल्या रबरी ठोकळ्याची. म्हणजे मोकळी चाल फक्त ३० मिमी. आता स्प्रिंगखालची रिंग फिरवून गाडी आणखी २५ मिमी खाली घेतली, तर मोकळे उरतात ५ मिमी. गाडी जवळजवळ बंप स्टॉपवरच चालते आणि प्रत्येक गतिरोधकावर गचका बसतो.

इथून पुढची चूक ठरलेली. मालकाला वाटतं शॉक कडक आहे, म्हणून तो क्लिक मऊ करतो. मऊ केलेला शॉक आणखी वेगाने दबतो, बंप स्टॉपवर आणखी जोरात आदळतो आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते. अशा वेळी क्लिकला हात न लावता गाडी १०-१५ मिमी वर घ्या. बऱ्याचदा तेवढ्याने फरक पडतो.

तपासायला सोपं आहे. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करा, धूळ-बूट वर सरकवा आणि बंप स्टॉपचं खालचं टोक आणि शॉकच्या बॉडीचा वरचा काठ यांमधलं अंतर मोजा. २५ मिमीपेक्षा कमी असेल तर रोजच्या गाडीसाठी ते अपुरं. दुसरा उपाय म्हणजे शॉकच्या दांड्यावर एक बारीक केबल-टाय बॉडीला टेकवून बांधायचा आणि नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारायची. टाय जितका वर सरकला, तितका शॉक दबला. तो थेट बंप स्टॉपपर्यंत पोहोचला असेल तर उत्तर मिळालं. उलट्या बांधणीच्या स्ट्रटमध्ये (स्ट्रट म्हणजे शॉक आणि स्प्रिंगचा एकत्र खांब) दांडा आत असतो, तिथे हा उपाय चालत नाही.

उंची बदलायच्या दोन पद्धती असतात आणि त्यांतला फरक खरेदीआधीच विचारून घ्या. काही किटमध्ये फक्त स्प्रिंगखालची रिंग वर-खाली होते. त्यात गाडी जितकी खाली, तितकी दबायची जागा कमी. काहींमध्ये शॉकचा खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो. त्यात शॉकची चाल तशीच राहून पूर्ण लांबी कमी होते. ही दुसरी पद्धत चांगली, पण तिथेही एक धोका आहे. शॉकला जागा आहे म्हणून खाली घेत गेलं तर बंप स्टॉप लागण्याआधीच टायर मडगार्डच्या अस्तराला किंवा आतल्या पत्र्याला घासतो. शिवाय ब्रॅकेटमध्ये आटे किमान किती आत असायला हवेत, हे उत्पादकाने दिलेलं असतं. ती मर्यादा कधीही ओलांडू नका. आटे कमी पकडले गेले तर चालत्या गाडीत शॉक ब्रॅकेटमधून सुटू शकतो.

प्रीलोडबद्दलही एक समज पक्का रुजलेला आहे: रिंग घट्ट केली की स्प्रिंग कडक होते. सरळ रेटच्या, म्हणजे दबताना कडकपणा न बदलणाऱ्या स्प्रिंगमध्ये असं होत नाही. ५ किलो/मिमीची स्प्रिंग ५ चीच राहते. गाडी वर उचलली जाते आणि शॉकची लांबायची जागा तितकी कमी होते. मग चाक खड्ड्यात उतरत नाही, वरून उडत जातं. खालचा ब्रॅकेट फिरणाऱ्या किटमध्ये स्प्रिंग हाताने हलणार नाही इतपत, फार तर वर काही मिलिमीटर, एवढा प्रीलोड पुरतो. उंची ब्रॅकेटने साधा.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (वर स्ट्रट आणि खाली लोअर आर्म, म्हणजे चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा, अशा बांधणीच्या) गाड्यांत आणखी एक मर्यादा असते. गाडी उभी असताना लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं, तर वळणावर गाडी जास्त कलते, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर तिरकेपणा) उलट दिशेने जायला लागतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप फिरतं. रोजच्या सेडानला कंपनीच्या उंचीपेक्षा २०-३० मिमी खाली, एवढंच आम्ही सुचवू.

स्प्रिंगचा आकडा वाचण्यातली चूक

कुठे किलो/मिमी लिहितात, कुठे न्यूटन/मिमी, कुठे पाउंड प्रति इंच. १ किलो/मिमी म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन/मिमी, म्हणजेच ५६ पाउंड प्रति इंच. तुलना करण्याआधी सगळे आकडे एकाच मापात आणा.

आकडा स्प्रिंगचा असतो, चाकाला मिळतो तो वेगळा. चाक १ मिमी हललं की स्प्रिंग किती दबते, त्या गुणोत्तराच्या वर्गाने रेट गुणावा लागतो. पुढच्या स्ट्रटमध्ये हे गुणोत्तर ०.९५ च्या आसपास असतं, म्हणून ५ ची स्प्रिंग चाकापाशी साधारण ४.५ देते. मागे स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसत असेल आणि गुणोत्तर ०.६५ असेल, तर ८ ची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम ३.४ देते. म्हणजे ‘पुढे ५, मागे ८’ हे वाचून मागचं कडक आहे असं समजणं चूक. याच कारणाने एका मॉडेलचे रेट दुसऱ्या मॉडेलला लावता येत नाहीत.

रोजच्या वापरात किती कडक सोसतं? वरच्याच उदाहरणात, ३५० किलोवर ५ ची स्प्रिंग गाडीला सेकंदाला साधारण १.८ वेळा वर-खाली करते. ८ ची स्प्रिंग हाच आकडा २.३ वर नेते. कंपनीच्या साध्या सेडान १ ते १.५ च्या दरम्यान असतात. १.८ पर्यंत माणूस रोज बसू शकतो. २ च्या पुढे मागे बसलेल्यांना खराब रस्त्यावर त्रास सुरू होतो. स्प्रिंग कडक केली की तिला आवरणारा शॉकही तसाच लागतो. म्हणून किटच्या स्प्रिंगऐवजी दुसऱ्या, जास्त कडक स्प्रिंग मागवताना शॉकचं व्हाल्विंग (आतल्या व्हॉल्व्हची जुळणी) त्यांना पुरेल का, हे लेखी विचारा.

मागची उंची रिकाम्या गाडीत ठरवू नका. मागे तीन माणसं आणि डिकीत नेहमीचं सामान ठेवून बंप स्टॉपचं अंतर पुन्हा मोजा. किटच्या कागदांत प्रत्येक ॲक्सलची वजनमर्यादा असते, तीही बघा.

किट निवडताना

क्लिक जास्त म्हणजे किट चांगलं, हा हिशोब चुकीचा. एकच नॉब असलेल्या बहुतेक किटमध्ये तो मुख्यतः रिबाउंड (शॉक लांबतानाचा विरोध) बदलतो, कंप्रेशन (दबतानाचा विरोध) थोडंसं. केडब्ल्यू या उत्पादकाच्या रांगेत व्हेरिएंट १ ला डॅम्पिंगची (शॉकच्या विरोधाची) ॲडजस्टमेंट नाही, २ ला रिबाउंडची आहे, ३ ला रिबाउंड आणि कंप्रेशन दोन्हींची. बिल्स्टाइनच्या बी१४ ला उंची बदलते, डॅम्पिंग ठरलेलं. रोजच्या गाडीला नीट जुळवलेलं ठरावीक डॅम्पिंग हे ढिसाळ ३२ क्लिकपेक्षा कधीही बरं.

मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉक, उष्णता चांगली सोसतो, पण त्यात गॅसचा दाब जास्त असतो आणि पिस्टन थेट बाहेरच्या नळीत चालतो. त्या नळीला दगड लागून पोचा पडला की शॉक गेला. ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेला शॉक, बाहेरून मार जास्त सोसतो आणि तेवढ्याच लांबीत जास्त चाल देऊ शकतो. दोन्ही चालतात.

टॉप माउंटबाबत (शॉकचं वरचं टोक बॉडीला जोडणाऱ्या भागाबाबत) मात्र आमचं मत ठाम आहे. रोजच्या गाडीला रबरी माउंट ठेवा. पिलोबॉल माउंटमध्ये धातूचा गोलाकार सांधा असतो, रबर नसतं, त्यामुळे रस्त्याचा आवाज थेट बॉडीत येतो, आणि धूळ-पाण्यात तो सांधा झिजून टकटक करू लागतो.

गाडीला कंपनीकडूनच इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर साध्या किटने डॅशबोर्डवर एरर येईल. त्यासाठीचं मॉड्यूल किटसोबत मिळतं का, आणि सुटे कार्ट्रिज व सील नंतर मिळतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

बसवतानाच्या चुका

सगळ्यांत जास्त होणारी आणि सगळ्यांत उशिरा लक्षात येणारी चूक म्हणजे चाक हवेत लोंबत असताना आर्मचे बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) घट्ट करणं. रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो, आणि गाडी जमिनीवर येताच कायमचा पिळलेला राहतो. काही महिन्यांत तो फाटतो, तोपर्यंत उंचीही खोटी दिसते. बोल्ट आधी नुसते बसवा, मग हबखाली जॅक लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर ठरवलेल्या उंचीइतकं करा, आणि तेव्हाच टॉर्क रेंचने गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा.

वरच्या नटवर इम्पॅक्ट गन लावू नका. दांडा फिरतो, सील आणि आतली ॲडजस्टर सुई खराब होते. दांडा ॲलन कीने धरा. पक्कड लावली की चरे पडतात आणि तिथूनच तेल गळतं. जुना स्ट्रट उघडताना स्प्रिंग कंप्रेसर सक्तीचा आहे. त्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतका ताण असतो.

एबीएसची वायर आणि ब्रेक होज मूळ क्लिपमध्येच बसवा, मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आणि चाक पूर्ण खाली सोडून त्या ताणल्या जात नाहीत ना, ते बघा. गाडी खाली आली की जुना लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) लांब पडतो. तो आर्मला किंवा ड्राइव्ह शाफ्टला टेकत असेल तर आखूड किंवा कमी-जास्त होणारा लिंक लावा.

अलाइनमेंट दोनदा करावं लागतं: बसवल्या-बसवल्या गाडी चालवण्याजोगी करायला, आणि ३००-५०० किमीनंतर स्प्रिंग बसल्यावर नीट. उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं पुढच्या बाजूला किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो, आणि टायरची आतली कड खाण्यात कॅम्बरपेक्षा टोचाच हात मोठा असतो. पुढे उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर आणि जवळजवळ शून्य टो रोजच्या गाडीला पुरे. त्याच दिवशी हेडलाइटचा झोत सरळ करून घ्या.

त्रास कुठून येतोय?

छोट्या खड्ड्यांवर टकटक, मोठ्या खड्ड्यांवर नाही: आधी लिंक रॉड, मग वरचा नट, मग लॉक रिंग (उंचीची रिंग जागच्या जागी धरणारी). रिंगांवर मार्करने खूण करून ठेवली तर त्या फिरल्या का, हे लगेच कळतं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज: वरचं बेअरिंग फिरत नाही, स्प्रिंग पिळली जाऊन सुटते. बेअरिंग आणि वॉशरांचा क्रम चुकलेला असतो.

जॅकवर घेताच स्प्रिंग सैल होऊन हलते: स्प्रिंग आखूड पडते आहे. हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग जागेवर धरून ठेवणारी छोटी मऊ स्प्रिंग) लावा, नाहीतर ती खड्ड्यानंतर तिरकी बसू शकते.

उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलत राहते: रिबाउंड कमी. सलग खड्ड्यांवर गाडी हळूहळू खाली बसत कडक होत जाते: रिबाउंड जास्त, दांडा परत यायला वेळच मिळत नाही. बदल करताना पूर्ण कडक टोकापासून क्लिक मोजा, एका वेळी दोनच बदला, दोन्ही बाजूंना सारखे. टोकाला पोहोचल्यावर जोर लावू नका.

डावी-उजवी उंची वेगळी: जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा फसवते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजा. ५ मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या.

दांड्यावर हलका ओलसर थर चालतो. बॉडीवरून ओघळलेलं तेल आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली तर सील गेलं.

आटे दर धुण्याच्या वेळी ब्रशने साफ करून त्यांवर वॅक्स स्प्रे मारा. ओलं ग्रीस लावलं तर त्यात वाळू अडकते. रिंग गंजून जाम झालीच तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवा आणि योग्य मापाच्या सी-पान्याने फिरवा. छिन्नी-हातोड्याने खाचा तुटतात, आणि दाबाने गॅस भरलेल्या शॉकजवळ टॉर्चची ज्योत न्यायचीच नाही.