टीव्हीला साउंडबार, ॲम्प्लिफायर आणि संगणक कसे जोडावेत

केबल विकत घेण्यापूर्वी टीव्हीची मागची बाजू विजेरीच्या उजेडात नीट पाहून घ्यावी आणि जे उपकरण जोडायचे आहे त्याच्याही खाचा तपासाव्यात. चित्राची वाट आणि आवाजाची वाट वेगळी असू शकते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा बराचसा गोंधळ टळतो.

आवाजासाठी पहिली पसंती एचडीएमआयच्या एआरसी जोडणीला द्यावी. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलेल्या या सोयीमुळे टीव्हीचा आवाज एकाच केबलमधून उलट दिशेने साउंडबारकडे किंवा ॲम्प्लिफायरकडे जातो. मात्र टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय खाचांपैकी बहुधा एकाच खाचेशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ अशी बारीक अक्षरे असतात. केबल त्याच खाचेत बसवावी लागते. शेजारच्या खाचेतही ती तितकीच घट्ट बसते, पण आवाज येत नाही आणि विनाकारण केबलवर खापर फुटते. त्यानंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, सुरू करावी (कंपन्या तिला निरनिराळी नावे देतात) आणि ध्वनीचे आउटपुट एआरसीवर न्यावे. दोन्ही उपकरणांत ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) असेल, तर अनेक वाहिन्यांचा, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरांसाठीचा, आवाज त्याची माहिती दाबून लहान न करता जसाच्या तसा पोहोचतो.

एआरसी नसल्यास ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून दोन वाहिन्यांचा मूळ आवाज किंवा डॉल्बी डिजिटलसारखा दाबलेला ५.१ आवाज जातो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात. त्या आधी काढाव्यात. एक टोक टीव्हीत बसवून टीव्ही सुरू केल्यावर दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला, तर केबल शाबूत आहे असे समजावे. उजेड दिसूनही जुना ॲम्प्लिफायर गप्प राहिला, तर टीव्हीचे डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (न दाबलेल्या साध्या आवाजावर) ठेवून पाहावे. या केबलमधून वीज नव्हे तर प्रकाश जातो, त्यामुळे अर्थिंगमुळे येणारी घरघर तिच्यातून पुढे सरकत नाही, हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

दोन्ही सोयी नसतील, तर हेडफोनच्या खाचेतून ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ खाचांत केबल न्यावी. लाल टोक उजव्या बाजूचे, पांढरे डाव्या बाजूचे. ‘फोनो’ लिहिलेल्या खाचा रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण संकेतासाठी असतात. तिथे टीव्ही जोडल्यास आवाज फाटतो.

संगणकही शक्यतो एचडीएमआयनेच जोडावा. यूएसबी-सीच्या प्रत्येक खाचेतून चित्र बाहेर पडतेच असे नाही, म्हणून अडॅप्टर घेण्यापूर्वी संगणकाची माहितीपुस्तिका पाहावी. विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून पडद्याचा प्रकार निवडता येतो. आवाजाचे आउटपुट मात्र बरेचदा वेगळे निवडावे लागते. फोरके पडद्यावर माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर संगणक सेकंदाला ३० चित्रेच पाठवत आहे का, हे तपासावे; एचडीएमआय १.४ ची फोरकेसाठीची मर्यादा तेवढीच आहे, ६० साठी २.० लागते. टास्कबार कडेला कापला जात असेल, तर दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा, म्हणजे चित्र थोडे मोठे करून कडा कापण्याच्या सवयीचा, असतो आणि तो टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये बंद करता येतो. अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या दिसत असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या खाचेला ‘पीसी’ असे नाव द्यावे. अनेक टीव्हींवर एवढ्याने अक्षरे रेखीव होतात.

सर्व जोडून झाल्यावर बातम्या सांगणाऱ्या निवेदकाचे ओठ पाहावेत. आवाज ओठांच्या आधी येत असेल, तर साउंडबारमधील ‘ऑडिओ डिले’ थोडाथोडा वाढवत न्यावा. आवाज मागे पडत असेल, तर हा उपाय उलटाच ठरतो; अशा वेळी डिले शून्यावर आणावा आणि ब्लूटूथ वापरत असल्यास ते सोडून केबल लावावी.