ऑटो डार्कनिंग हेल्मेट: पहिला आर्क पेटवण्यापूर्वी

वेल्डिंग करताना साध्या काळ्या काचेतून आर्क, म्हणजे रॉड आणि जोड यांमधली विजेची झगझगीत ज्योत, पेटेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि नवशिक्याचे बहुतेक हाल येथूनच सुरू होतात. रॉडचे टोक जोडावर नेमके कुठे टेकले आहे हे पाहण्यासाठी तो हातातली ढाल बाजूला करतो, डोळे किलकिले करून रॉड टेकवतो, आणि ढाल पुन्हा चेहऱ्यासमोर येण्याआधीच आर्क पेटतो. असे दिवसभरात दहा-वीस वेळा झाले की काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. ऑटो डार्कनिंग, म्हणजे आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारे, हेल्मेट ही अडचण दूर करते, कारण ते आधीच चेहऱ्यावर असते, त्यातून जोड स्पष्ट दिसतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मात्र त्यावर विसंबण्यापूर्वी ते तपासून घ्यावे लागते.

तपासणी समजण्यासाठी आत काय असते हे थोडक्यात पाहू. पुढच्या सेन्सरवर आर्कचा प्रकाश पडताच काचेतील लिक्विड क्रिस्टलचे थर काळे होतात, आणि चांगल्या हेल्मेटमध्ये हे काम सेकंदाच्या दहा हजाराव्या ते पंचवीस हजाराव्या भागात होते. उजळ अवस्थेत काचेचा शेड (काळेपणाचा आकडा) 3 किंवा 4 असतो, तर काळ्या अवस्थेत तो 9 ते 13 मध्ये ठेवता येतो. शेड 4 मधून दृश्य प्रकाशाचा साधारण 5 टक्के भाग आत येतो आणि शेड 11 मधून सुमारे 0.005 टक्के, म्हणजे हजारपट कमी. अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर मात्र यापेक्षा वेगळा असतो आणि प्रमाणित काचेत तो कायमच काम करतो. बॅटरी संपली किंवा काच काळी झाली नाही तरी हे किरण अडतातच. डोळ्यांना ‘आर्क लागतो’, म्हणजे वर सांगितलेली आग होते, ती प्रामुख्याने अतिनील किरणांमुळे. हा थर खरोखर आहे की नाही हे घरी तपासण्याचा कोणताही खात्रीचा उपाय नाही, म्हणून काचेवर मानकाची खूण नसलेले स्वस्त हेल्मेट कितीही चकचकीत असले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपीय ईएन 379 मानकाच्या काचेवर 4/9-13 अशी खूण असते, आणि तिच्याजवळ 1/1/1/2 असे चार आकडे असतात. हे आकडे काचेतून दिसण्याचा दर्जा सांगतात आणि 1 हा त्यांतला सर्वोत्तम असतो.

हेल्मेट घरी आणल्यावर आधी काचेच्या बाहेरची आणि आतली, अशा दोन्ही पारदर्शक संरक्षक पत्र्यांवरील पातळ प्लॅस्टिकची फिल्म काढावी. ही फिल्म तशीच ठेवून ‘काचेतून धूसर दिसते’ अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. हेल्मेट बराच काळ खोक्यात पडून असेल, तर ते अर्धा तास उन्हात ठेवावे. त्यानंतर ते डोक्यावर न चढवता हातात धरून तपासावे. काही हेल्मेटांना टेस्टचे बटण असते. ते नसेल तर टीव्हीचा रिमोट सेन्सरसमोर धरून दाबावा किंवा चकमकीचा सिगारेट लायटर पेटवावा. बऱ्याच काचा अवरक्त प्रकाशाला लगेच प्रतिसाद देतात. मोबाइलच्या टॉर्चने ही तपासणी करू नये, कारण एलईडीच्या प्रकाशात अवरक्त भाग जवळजवळ नसतो आणि चांगली काचही काळी होत नाही, त्यामुळे उगाच ती बिघडल्याचा समज होतो. एवढ्यावर न थांबता एक सोडून बाकीचे सर्व सेन्सर बोटांनी झाकून हाच प्रयोग करावा आणि प्रत्येक सेन्सर एकटाही काम करतो का, हे पाहावे. काळी झालेली काच सर्वत्र सारखीच काळी असली पाहिजे. एखादा कोपरा उजळ राहिला, डाग दिसले किंवा काच लुकलुकली, तर ती परत करावी. रिमोटने काच काळी होणे म्हणजे आर्कला ती काळी होईलच याची खात्री नव्हे, म्हणून पहिला आर्क हेल्मेट, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालून, डोळे मिटून पेटवावा. एकदोन सेकंदांनी डोळे किंचित उघडल्यावर समोर काळी काच आणि तिच्यातून वितळलेला धातू दिसला, म्हणजे हेल्मेट काम करते.

पुढचा प्रश्न आतल्या गुंड्यांचा. 2.5 मिमीच्या 6013 प्रकारच्या रॉडने 60 ते 90 अँपिअरवर खिडकीचे ग्रिल जोडणाऱ्याला शेड 10 बहुधा योग्य ठरतो, 3.15 मिमीच्या रॉडला 10 ते 11. नियम असा की सुरुवात जास्त काळ्या शेडपासून करावी आणि वितळलेल्या धातूची कड स्पष्ट दिसेपर्यंत एकेक पायरी खाली यावे, पण या कामासाठी 9 च्या खाली उतरू नये. काम थांबवल्यावर डोळ्यांसमोर ठिपके तरंगत असतील, तर शेड एकाने वाढवावा. प्रत्येक पायरीला प्रकाश आधीच्या सुमारे 37 टक्क्यांवर येतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे सेन्सर किती कमी प्रकाशाला प्रतिसाद देतो हे ठरवणारी गुंडी, पूर्ण वाढवून मग काच विनाकारण काळी होणे थांबेपर्यंतच कमी करावी, कारण पत्र्याच्या छपरातील भोकांतून येणारे ऊन किंवा जवळची ट्यूबलाइटही काच काळी करू शकते. डिले म्हणजे आर्क विझल्यावर काच किती वेळ काळी राहावी हे ठरवणारी गुंडी. टॅक (तुकडे जागी धरण्यापुरते छोटे ठिपके) मारताना ती कमी आणि जाड धातू लालभडक राहतो तेव्हा जास्त ठेवावी. डोक्याचा पट्टा मात्र आधीच नीट आवळावा, नाहीतर मान हलवून हेल्मेट खाली घेताना सगळे हेलकावते.

काम करताना सर्वांत फसवी जागा म्हणजे आडोसा. गेटच्या चौकटीत आतल्या कोपऱ्यात किंवा पाइपच्या मागे रॉड गेला की तुमचा हात किंवा पाइपच सेन्सरच्या आड येतो, आणि काच मध्येच क्षणभर उजळते. दोनऐवजी चार सेन्सर असलेले हेल्मेट येथे फार उपयोगी पडते. तरीही बसण्याची जागा बदलणे हाच खरा उपाय आहे. लुकलुकत्या काचेने ‘एवढा जोड संपवतो’ म्हणत काम चालू ठेवू नये. त्याचप्रमाणे ग्राइंडिंगसाठी काच उजळ ठेवणारा जो मोड असतो, तो ग्राइंडर खाली ठेवताक्षणी बंद करावा. तो चालू राहिला तर पुढचा आर्क काच काळी न होता दिसतो. बाहेरचा पत्रा ठिणग्यांनी खरबरीत झाला की तो बदलावा, कारण धूसर पत्र्यातून नीट दिसत नाही म्हणून लोक शेड कमी करतात आणि दुखणे भलतीकडे नेतात.

आर्क लागलाच, तर बटाट्याचे काप किंवा दूध डोळ्यांवर ठेवून वेळ घालवू नये, आणि बधिर करणारे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तर मुळीच वापरू नयेत. डोळे तपासून घ्यावेत. शिवाय पाइप धरून शेजारी उकिडवा बसलेला हेल्पर प्रत्येक वेळी मान वळवून भागवत असतो. नवे हेल्मेट आल्यावर रिकामी झालेली हातातली ढाल त्याला द्यावी, आणि तिची काच तडकलेली असेल तर आधी ती बदलून द्यावी.