रीफ टँकचे पाणी शुद्ध करताना या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, तपकिरी थर धरू लागला की लोक मिठावर, दिव्यांवर आणि खाद्यावर संशय घेतात. ज्या पाण्यात हे सारे मिसळते, ते मात्र कोणी तपासत नाही.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी टँकसाठी वापरणे. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अशा बऱ्याच यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो, आणि तो मेंब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात पुन्हा सोडतो. पुण्यातल्या एका परिचितांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि त्यांच्या टँकची वाळू आठवड्याभरात तपकिरी झाली. त्यांनी मीठ बदलले, दिव्यांचे तास घटवले, शेवाळ मारणारे औषधही घातले. तोवर अॅक्रोपोरा जातीचा प्रवाळ बुडापासून पांढरा पडू लागला होता. यंत्राचे झाकण काढून मेंब्रेनची नळी सोडवली आणि स्टीलच्या वाटीत पाणी धरले, तेव्हा टीडीएस मीटरने 11 पीपीएम (दहा लाख भागांत 11 भाग क्षार) दाखवले. यंत्राच्या नळाखाली तोच मीटर 94 दाखवत होता. मेंब्रेन उत्तम होते, औषधाचा खर्च मात्र वाया गेला. टँकचे पाणी थेट मेंब्रेनमागून घ्यावे आणि ते डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून, न्यावे.

दुसरी चूक या रेझिनचीच आहे. यंत्र बंद असताना क्षार मेंब्रेनमधून शुद्ध बाजूला झिरपतात, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे पाणी बरेच क्षारयुक्त येते. रोज दोन-दोन लिटर पाणी काढणारे घाईचे लोक हेच पाणी रेझिनला पाजतात आणि मग रेझिन लवकर संपल्याची तक्रार करतात. मी आठवड्याचे पाणी एकदाच काढतो आणि पहिली पाच मिनिटे रेझिनच्या आधीच्या व्हॉल्व्हमधून बादलीत सोडतो. संपत आलेले रेझिन तपकिरी थराला पोसणारी सिलिका आधी सोडते आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मीटर 0 वरून 1 वर आला की रेझिन बदलावे, 5 ची वाट पाहू नये.

पाणी वाचवण्यासाठी वेस्टची, म्हणजे क्षारयुक्त सांडपाण्याची, नळी चिमटू नये, त्याने मेंब्रेनवर क्षार बसतात; ते पाणी फरशीला वापरावे. कार्बन फिल्टर वेळेवर बदलावा, कारण क्लोरीन मेंब्रेन कुरतडते. रेझिननंतर पितळी जोड नसावा, तांबे कोळंबी आणि प्रवाळ दोघांनाही घातक आहे.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दाबही पाहावा. गच्चीवरची टाकी नळापेक्षा 3 मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 4 पीएसआय मिळतो, आणि मेंब्रेनला साधारण 50 ते 60 लागतो. अशा घरात महागडे मेंब्रेन बदलत बसण्याऐवजी आधी बूस्टर पंप बसवावा आणि मेंब्रेनच्या आधी एक प्रेशर गेज लावावा.