सातबाऱ्यावरचं पिवळं प्रश्नचिन्ह आणि ड्रॉवरमधलं टोकन: या चुका टाळा

पीकविम्याची मुदत जवळ आली की औशातल्या आमच्या सेवा केंद्रावर हे हमखास ऐकू येतं: "भाऊ, हा सातबारा खोटा हाय का काय? प्रश्नचिन्ह आलंय बगा." पंधरा रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा सातबारा अडोबी रीडरमध्ये उघडला, की सहीवर बरेचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. सातबारा खराच असतो. सही करणाऱ्याची हमी घेणारा कोण, हे रीडरला ठाऊक नसतं, एवढंच.

ही हमीची उतरंड माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने घालून दिली आहे. वर सीसीए, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरचा केंद्र सरकारचा नियंत्रक, त्याखाली त्याचा परवाना असलेल्या संस्था, आणि त्या ओळख तपासून सही करणाऱ्याला प्रमाणपत्र देतात. सहीवर राइट क्लिक करून प्रमाणपत्र उघडा, उतरंडीतलं सगळ्यात वरचं 'सीसीए इंडिया' निवडा, 'ट्रस्ट' टॅबमधून भरवशाच्या यादीत टाका आणि सही पुन्हा तपासा. वर सीसीए नसेल तर मात्र थांबा. घरी बनवलेलं प्रमाणपत्र यादीत टाकलं तरी हिरवी खूण येतेच की!

तीच फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' करून पुढं पाठवू नका. सहीचं चित्र उरतं, सही जाते. कागदावरची प्रत तपासायची तर त्यावर छापलेला पडताळणी क्रमांक वापरा.

सगळ्याच साइट एकदम 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागल्या तर आधी संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षं मागं जाते, आणि त्या तारखेला साइटची आजची प्रमाणपत्रं जन्मलेलीच नसतात. 'तरीही पुढे जा' दाबण्यापेक्षा सेल बदला. साइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचंही कौतुक नको. फुकट प्रमाणपत्र भामट्यालाही मिळतं. पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.

सगळ्यात महागात पडते ती टोकनची चूक. टोकन म्हणजे डिजिटल सहीची किल्ली ठेवणारं, पेनड्राइव्हसारखं उपकरण. वित्त आयोगाच्या निधीतली ग्रामपंचायतीची देयकं ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीनं निघतात. सहीची गुप्त किल्ली टोकनबाहेर निघत नाही. पण टोकन आणि पिन दोन्ही ज्याच्या हातात, सही त्याचीच. शेजारच्या गावच्या एका सरपंचांचं टोकन चार महिने माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, वर चिकटपट्टीवर पिन लिहिलेली. शेवटी पट्टी खरवडून मी ते घरी नेऊन दिलं. चहा पुढं सरकवत सरपंच म्हणाले, "राहू द्या की तुमच्याकडंच."