काकडीचं पान पिवळं पडलं? पंप पाठीवर घेण्याआधी या चुका टाळा

दिंडोरीकडच्या आमच्या रानात टोमॅटो निघाल्यावर त्याच बांबू-तारेवर मी वीस गुंठे काकडी चढवली होती. श्रावणातली झड चालू होती. खालच्या पानांवर फिकट पिवळे डाग दिसले आणि मी ठरवून टाकलं, पावसात खत धुऊन गेलं, नत्र कमी पडलं. ठिबकमधून युरिया सोडला. दुकानातून एक टॉनिकही आणलं. "भाऊ, दोन दिवसांत काळोखी येते बघा," असं ऐकल्यावर कोण थांबणार? वेलाला काळोखी आलीही, पण ती नव्या लुसलुशीत पानांपुरती. आठवड्याभरात खालचा अर्धा प्लॉट कुणी पेटवून दिल्यासारखा वाळला. तो केवडा होता, म्हणजे डाउनी नावाचा पानांचा रोग. नत्र देऊन मी त्याला कोवळा चाराच वाढला होता.

चूक औषधाची नव्हती. मी पान उलटून पाहिलंच नव्हतं.

पान कोणतं पिवळं आहे, हे न पाहणं

"पानं पिवळी पडली" एवढ्यावर कुणालाही औषध विचारू नका आणि कुणी सांगितलं तरी घेऊ नका. आधी बघायचं ते पिवळेपण वेलावर कुठून सुरू झालं. नत्र, पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं कमी पडली की वेल जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतो, म्हणून पिवळेपण खालून वर चढतं. लोहाला असं हलता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत दिसते. सरसकट पिवळेपण नसून पानावर मध्येच डाग, ठिपके किंवा चट्टे असतील, मग ते पान वेलावर कुठलंही असो, तर शक्यता रोगाची किंवा किडीची.

जमिनीलगतची पहिली दोन-तीन पानं फळं लागल्यावर पिवळी होऊन गळत असतील आणि वर सगळं ठीक असेल, तर काही करू नका. ती म्हातारी झालेली असतात. त्यांच्यासाठीही फवारणी करणारे लोक मी पाहिलेत.

द्राक्षाचं शिक्षण काकडीवर चालवणं

ही खास आपल्या नाशिकची चूक. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की डाउनी आणि भुरी हे दोन शब्द इथे शाळकरी पोराच्याही तोंडी असतात. पण काकडीचा डाउनी वेगळा आणि द्राक्षाचा वेगळा, शेजारच्या बागेतून तो तुमच्या वेलावर येत नाही. भुरीचंही तेच. नावं एक असली तरी रोगजंतू निराळे आहेत.

खरी गडबड गंधकात होते. बागेतून उरलेलं गंधक लोक काकडीच्या भुरीवर मारतात. काकडीवर्गीय वेलांना गंधक सोसत नाही. ऊन तापलेलं असेल तर पानांच्या कडा करपतात, पान पिवळं पडून कडक होतं, आणि मग त्या पिवळेपणावर पुन्हा दुसरं औषध. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं भुरीवर चालतात, पण मात्रा चढली की काकडीची पेरं आखूड होतात आणि शेंडा थिजतो. डाउनीवर तर ती उपयोगाचीच नाहीत, कारण डाउनीचा जंतू खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही.

मग डाउनी ओळखायचा कसा? सकाळी दव असतानाच प्लॉटमध्ये जा. पानाच्या वरच्या बाजूला पिवळे, कोनाकार डाग दिसतात, कारण ते शिरांच्या मध्ये अडकलेले असतात. शिरा म्हणजे जणू बांध, डाग तो बांध ओलांडत नाही. आता पान उलटा. त्याच डागांच्या मागे करडी-जांभळट लव दिसली तर शंका उरत नाही. दुपारी गेलात तर ही लव वाळलेली असते आणि फसगत होते. तरीही खात्री नसेल तर पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. डाउनी असेल तर सकाळी लव उगवलेली सापडते. भुरी याच्या उलट, पानाच्या वरच्या बाजूलाही पांढऱ्या पिठासारखी दिसते आणि बोटाने पुसली जाते.

डाउनी असेल तर वेल कोरडे असताना जास्त खराब झालेली खालची पानं काढून प्लॉटबाहेर न्या, बांधावर टाकू नका. हवा खेळू द्या. तुषार सिंचन लावलं असेल तर बंद करा. रोग येण्याआधी किंवा अगदी पहिल्या डागाला मॅन्कोझेब 75 टक्के लिटरला 2.5 ग्रॅम, तेही पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असं. रोग शिरला असेल तर मेटॅलॅक्झिल किंवा सायमोक्झॅनिल असलेली मॅन्कोझेबची जोडऔषधं लागतात. एकच औषध लागोपाठ मारू नका, त्याला सरावलेला रोग मग त्या गटाला दाद देत नाही. लेबलवर काकडीचं नाव आहे का आणि फवारणी ते तोडा यांत किती दिवस हवेत, हे वाचूनच बाटली घ्या. काकडी दिवसाआड तोडली जाते आणि लोक ती कच्ची खातात.

लोह कमी दिसलं की लोहच ओतणं

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, जाळीसारख्या. हे लोहाचं लक्षण अगदी बरोबर आहे. पण जमिनीत लोह नसतंच असं नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या, सामू (पीएच) 8 च्या पुढे गेलेल्या रानात ते असून मुळांना मिळत नाही. त्यात काळ्या जमिनीत पाणी जास्त झालं की मुळांचा श्वास कोंडतो आणि उरलंसुरलं उचलणंही थांबतं.

मल्चिंग पेपरखाली हे कळत नाही. वरून कोरडं दिसतं, म्हणून ठिबक रोज दोन-दोन तास चालू. पेपरच्या भोकातून हात घालून वीतभर खोलीची माती काढा आणि मुठीत दाबा. पाणी सुटलं किंवा मातीचा चिकट गोळा झाला, तर खत राहू द्या, पाणी थांबवा. मूळ उपटून बघा. पांढरं असेल तर वेळ आहे, तपकिरी होऊन कुजका वास मारत असेल तर उशीर झालाय. वाफसा आल्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती नुसती ओलसर राहिल्यावर, निम्म्या वेळा शेंडा आपोआप हिरवा होतो, असा माझा अनुभव आहे.

तरी सुधारणा नसेल तर फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, सोबत 1 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी फवारा. ठिबकमधून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. स्वस्त ईडीटीए प्रकार चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही, पैसे मातीत जातात. आणि माती तपासून घ्या. गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारता येतं. द्राक्षाचं देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) न चुकता करणारा माणूस काकडीची माती मात्र अंदाजावर सोडतो!

निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एकदम खाली गेला की काकडीची पानं फिकी पडतात. तेव्हा मुळं गारठलेली असतात, डोस वाढवून काही होत नाही. पाणी कमी ठेवा आणि ऊन तापायची वाट बघा.

खालच्या पानांना एकच खत समजणं

अख्खं पान शिरांसकट फिकं आणि फळ टोकाला निमुळतं, तर नत्र. कडा पिवळ्या होऊन वाळतात, फळ देठाशी बारीक आणि टोकाला फुगीर, तर पालाश. शिरांच्या मध्ये पिवळं आणि कड हिरवी, तर मॅग्नेशियम. यातली गंमत अशी की फळं लागल्यावर 13:00:45 आणि 0:0:50 या पालाशच्या खतांचा मारा केला की पालाश वाढतं आणि त्यामुळे मॅग्नेशियम उचललं जात नाही. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 5 ग्रॅम फवारा आणि पालाशचा हात जरा आवरा.

कोळ्याला मावा समजणं

उन्हाळ्यात पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके दिसतात. पान पांढऱ्या कागदावर झटका, हलणारे लालसर कण पडले तर लाल कोळी. माव्यावर मारतात त्या इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही, उलट काही वेळा वाढतो. कोळीनाशकच लागतं.

पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांचं, सुरकुतलेलं पान आणि खडबडीत, वेडंवाकडं फळ म्हणजे मोझॅक, विषाणूचा रोग. त्याला औषध नाही. वेल उपटून जाळा आणि मावा, पांढरी माशी आवरण्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा. टोमॅटोनंतर लगेच त्याच तारेवर काकडी चढवणाऱ्यांनी आधी जुन्या झाडांचा पाला उचलून न्यावा. पांढरी माशी तिथेच बसलेली असते, आणि ती पसरवत असलेला एक विषाणू टोमॅटोलाही होतो, काकडीलाही. त्या जागी मुळांना गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक कृमी. त्यावर निंबोळी पेंड द्या आणि पुढच्या हंगामाला झेंडू घ्या.

एक शेवटचं. फवारणी केल्यावर चौथ्या दिवशी "पान अजून पिवळंच आहे" म्हणून दुसरं औषध मारू नका. डाग पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. शेंड्याला सुतळी बांधून ठेवा आणि त्याच्या वर आलेली नवीन चार पानं कशी निघतात ते बघा.