स्टेव्हिया वापरताय? मग या चुका टाळा

स्टेव्हिया म्हणजे साखरेऐवजी वापरायचं गोड पानांचं झाड आणि त्या पानांचा अर्क. ‘स्टेव्हिया कडू लागतो’ हे ऐकून ऐकून कान किटले. साखरेच्या डब्यातला चमचा तसाच स्टेव्हियाच्या पुडीत बुडवल्यावर दुसरं काय होणार?

आधी हिशेब बघा. स्टेव्हियाचं वाळलेलं पान साखरेच्या दहा-पंधरा पट तरी गोड असतं आणि पानातून काढलेला शुद्ध अर्क 200 ते 300 पट. म्हणजे 5 ग्रॅम साखरेचं, चहाच्या एका चमच्याचं काम सुमारे 20 मिलिग्रॅम अर्कात होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 20 मिलिग्रॅम दिसतसुद्धा नाही. बोटांची चिमूटही यापेक्षा कितीतरी मोठी. आणि शुद्ध अर्काचा एक सपाट चमचा, जो दोनेक ग्रॅम भरतो, तो अर्धा किलो साखरेच्या बरोबरीचा. तो पातेलंभर खिरीत पडला की खीर सरळ मोरीत जाते, कारण अर्क वाढवत नेला तर गोडी त्या प्रमाणात वाढत नाही, ज्येष्ठमधासारखा कडवटपणा मात्र वाढत राहतो.

म्हणून पूड कोरडी घालायचीच नाही. लहान डिजिटल काट्यावर 1 ग्रॅम शुद्ध अर्क मोजा, उकळून गार केलेल्या 50 मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि ड्रॉपरच्या बाटलीत भरा. या पाण्याचा 1 मिलिलिटर म्हणजे एक चमचा साखर. फ्रिजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा. पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी निम्मी साखर ठेवावी आणि निम्म्या साखरेऐवजी हे थेंब घालावेत. एका दिवसात सगळी साखर हद्दपार करणारे आठवडाभरात पुन्हा साखरेवर येतात.

पाकिटाची मागची बाजू न वाचणं ही दुसरी चूक. ‘स्टेव्हिया’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत अर्क नावापुरता असतो, बाकी भर असते डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज), माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची पूड) किंवा एरिथ्रिटॉल (साखरेसारखी दिसणारी गोड पूड) यांची. यातले पहिले दोन रक्तातली साखर वाढवतात. एरिथ्रिटॉल वाढवत नाही, पण जिभेला गार लागतं. घटकांच्या यादीत 960 हा आकडा दिसला की तो स्टेव्हियाचा अर्क. वरचं थेंबांचं प्रमाण फक्त शुद्ध अर्कासाठी आहे, अशा मिश्र पुडीला ते लावू नका.

झाडपाल्याच्या दुकानात नुसतं ‘मधुपर्णी द्या’ म्हणू नका. स्टेव्हियाला हे नाव आपल्याकडे अलीकडे चिकटलं. जुन्या आयुर्वेदात मधुपर्णी म्हणजे गुळवेल, आणि ती कडूजहर. गुडमार ही दुसरी वेल तर त्याहून गमतीची: ते पान चावलं की जिभेला गोड चवच काही वेळ कळत नाही.

आता पाक. दिवाळी आली की कोणीतरी रव्याचे लाडू ‘शुगर-फ्री’ करायला घेतंच. दोन वाट्या रवा भाजला, खोबरं परतलं, दीड वाटी साखरेच्या एकतारी पाकाऐवजी पाण्यात स्टेव्हिया उकळला आणि वर ओतला. तार येईना म्हणून अजून उकळला, तरी येईना. येणार कशी? तार साखरेची असते. पाण्यात साखर दाट झाली की पाक चिकट होतो, निवताना तीच साखर पुन्हा घट्ट होऊन रवा बांधून ठेवते. इथे पातेल्यात नुसतं गोड पाणी होतं. रव्याने ते पिऊन टाकलं, लाडवाचं मिश्रण शिऱ्यासारखं ओलं झालं, वळलं तरी बसकं झालं, आणि ओल्या खोबऱ्यामुळे दुसऱ्या दिवशी आंबूस वास. यावर तोड नाही. पाकाचे लाडू, चिक्की, जिलेबी स्टेव्हियात होत नाहीत. व्हिडिओत होत असतील. बेसनाचे लाडू जमतात, कारण ते तुपावर वळतात. फक्त एक वाटी पिठीसाखर गेली की तेवढा ऐवज कमी होतो आणि तूप सुटून लाडू बसतो. तिथे भाजक्या डाळ्याचं पीठ घाला.

मोरावळा, मुरंबा, जॅममध्ये साखर फळ टिकवते. ती काढलीत तर बरणीत बुरशी.

नुसत्या स्टेव्हियाने केकला नीट रंग येत नाही, तो नीट फुगतही नाही. निम्मी साखर ठेवा.

श्रीखंडात साखर चक्क्याला सैल करते. ती कमी केली की चक्का घट्ट आणि आंबट राहतो. दोन-तीन चमचे साय फेटून घाला. खीर, बासुंदी, सरबत यांत मात्र अडचण नाही, थेंब गॅस बंद केल्यावर घाला.

चहात पानं पावडरीबरोबर उकळू नका, गवताचा वास येतो. गॅस बंद करून कपाला दोन-तीन वाळलेली पानं टाका, दोन मिनिटं झाका, गाळा.

कुंडीतल्या झाडाची पानं फुलं धरण्याआधीच तोडा, फुलोऱ्यानंतर गोडी उतरते. दिवस लहान होऊ लागले की कळ्या दिसतात, तेव्हा शेंडे खुडत राहा. पानं सावलीत, वाऱ्यावर, पातळ पसरून वाळवा. ढीग केला की काळी पडतात. बी क्वचित उगवतं, फांदीच लावा. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचलं तर मूळ कुजतं.

शेवटची चूक घरात मधुमेही असेल तर जिवावर बेतू शकते. साखर काढली तरी शिऱ्यातला रवा रवाच राहतो, वाटीचं माप सुटू देऊ नका. आणि इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर अचानक उतरली, हात थरथरू लागले, घाम फुटला, तर स्टेव्हियाचं सरबत देऊ नका. त्याने साखर वाढतच नाही. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे खरी साखर पाण्यात घोळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. घरातून साखर पूर्ण बाद केलीत तरी यासाठी एक छोटी डबी फ्रिजवर राहू द्या.